देवघरात न गेलेला दगड

“ही पोरगी बोलत काहून नाही हो? गाईड आहे ना आपली?”

सिहोऱ्याच्या काकू काकांना हळूच विचारत होत्या. मी चार पावलं पुढे होते. ऐकलं, पण वळले नाही.

जबलपूरला नेपियर टाउनमधल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी डेस्कवर काम करते. अंदमानला जाणाऱ्यांची आयटिनररी, म्हणजे कोणत्या दिवशी काय बघायचं ते, टाइप करते. ‘नैसर्गिक दगडी पूल, एक तास.’ ही ओळ कितीदा लिहिली, आठवत नाही. समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. नेहमीचे टूर मॅनेजर आजारी पडले म्हणून बारा जणांबरोबर मला पाठवलं. सर म्हणाले, “कस्टमर को टोकना नहीं. एक कम्प्लेंट आली, की परत डेस्क.”

पूल ओहोटीतच नीट बघता येतो. मी टाइड चार्ट, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, पाहिला आणि पहाटे निघायचं ठरवलं. सांगितलं मात्र ग्रुपवर मेसेज टाकून; हिंदीच्या सवयीने माझं बोलायचं मराठी अडखळतं.

समुद्र मागे गेला होता. उरलं होतं खडकांचं मैदान आणि खळग्यांत साचलेलं पाणी. एका खळग्यात निळे, मखमली ओठ उघडे होते. माझी सावली पडली तसे मिटले. खडकात रुतलेला शिंपला होता तो. पुढे दगडाची प्रचंड कमान. तिच्याखाली सगळे एकदम गप्प झाले. आमचे लोक नर्मदेवर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून जाणाऱ्या बोटीतही गप्प बसत नाहीत.

एक तास, असं मी लिहीत होते.

तेवढ्यात काकू वाकल्या. पाण्यातून एक गोल, रेघारेघांचा दगड उचलला आणि पदराने पुसायला लागल्या. “नर्मदेतला कंकर शंकर असतो. हा तर समुद्रातला. देवघरात ठेवू.”

“गाईडला विचार आधी,” काका म्हणाले.

“ती काय सांगून राहिली, बाई. पिशवी द्या.”

तो दगड नव्हता, प्रवाळ होता. इथून प्रवाळ न्यायला बंदी आहे. विमानतळावर बॅग उघडतात. हे सगळं मला पाठ होतं आणि सरांचं वाक्यही. पण मी बघत होते काकूंच्या तळहाताकडे. रेघांमधली बारीक, मऊ टोकं हळूहळू आत ओढली जात होती.

परत आल्यावर काकूंनी सरांना फोन केला, “पोरगी कमी बोलते, पण बोलते.” पुढची टूर मला मिळाली. आयटिनररीत मी आता ‘एक तास’ लिहीत नाही, ओहोटीची वेळ लिहिते. या कामात पाठांतरापेक्षा बघणं जास्त लागतं.

त्या सकाळी माझ्या अडखळत्या मराठीत मी एवढंच म्हटलं होतं, “काकू, हा शंकर जिवंत आहे. बघा, भिऊन राहिला तुमच्या हातात. राहू द्या त्याला इथंच.”