क आणि ख

"ड्रायव्हर आला!" मापबाई जिन्यातून ओरडल्या, तेव्हा खालच्या शेजारणीने खिडकीतून डोकं काढून गाडी कुठे दिसते का ते पाहिलं. गाडीबिडी काही नव्हती. बाईंच्या काखेत एक लांबलचक खोकं होतं आणि बाई दोन दोन पायऱ्या गाळत वर चालल्या होत्या. साठी उलटल्यावर असं चढू नये हे त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक होतं, पण बाईंना सांगायची त्यांची हिंमत नव्हती.

गोल्फमध्ये सगळ्यात लांब फटका मारायच्या काठीला ड्रायव्हर म्हणतात. ही नवी काठी वाकडा जाणारा चेंडूही सरळ पाठवते, असा तिच्या कंपनीचा दावा होता. असे दावे तपासणं हे बाईंचं काम. तीस वर्षं त्या वजनमापं खात्यात निरीक्षक होत्या. दुकानदाराचा अंगठा पारड्याला लागला की त्यांना पाठमोऱ्या उभं राहूनही कळायचं. एकदा त्यांनी एका वाण्याचा तराजू जप्त केला होता. पुढे त्याच वाण्याच्या मुलाने खेळांचं साप्ताहिक काढलं आणि बाई निवृत्त झाल्याचं कळताच त्यांना फोन केला. "गोल्फचं सामान तपासून द्याल का? तुमच्याइतकं खडूस माणूस माझ्या पाहण्यात नाही." बाईंना हे प्रशस्तिपत्र फार आवडलं.

त्यांची रीतही खडूसच होती. मारायला पट्टीचे खेळाडू नकोत, आठवड्यातून एकदा मैदानावर येणारी साधी माणसं हवीत. अशी पाच माणसं त्यांनी जमवली होती: शिंपी, चष्मेवाला, चित्रकलेच्या शिक्षिका, निवृत्त कंडक्टर आणि पाचवे त्यांचे धाकटे दीर. प्रत्येक काठीने प्रत्येकाचे दहा फटके, त्यातला सगळ्यात चांगला खोडायचा. "चांगला फटका पाहुणा असतो," बाई म्हणत, "मुक्कामाला वाईटच असतात." आणि ज्याचा खेळ सुधारला तो बाद. दातांचे डॉक्टर असेच बाद झाले होते आणि अजून बाईंशी बोलत नव्हते.

भावजींच्या बाबतीत मात्र काळजी नव्हती. सहा वर्षं त्यांचा चेंडू केळ्यासारखा उजवीकडे वळत होता. दर शनिवारी, न चुकता.

त्या शनिवारी बाईंच्या अंगात वारं शिरलं होतं. घरची जुनी काठी आणि ही नवी, दोन्हींची डोकी त्यांनी, मारणाऱ्याला ओळखू येऊ नयेत म्हणून नेहमीप्रमाणे काळ्या चिकटपट्टीत गुंडाळली, मुठींना पांढरी पट्टी बांधली आणि वर अक्षरं चिकटवली, क आणि ख. मग फटके सुरू झाले, बाई फीत घेऊन मैदानभर पळत सुटल्या आणि भावजींची पाळी आली तेव्हा सगळे बघतच राहिले. क काठीने नेहमीचं केळं. आणि ख काठीने चेंडू असा सरळ गेला की कंडक्टरांनी आपोआप शिट्टी मारली. एक नाही, दहाच्या दहा!

सगळ्यांची सरासरी काढली तर सात मीटरचा फरक. आजवर कुठल्याही काठीने दोनाच्या वर दिला नव्हता. बाईंचा आनंद पोटात माईना. त्यांनी तिथल्याच बाकावर बसून मजकूर लिहिला, आयुष्यात पहिल्यांदा दहापैकी नऊ गुण दिले आणि संपादकाला फोन लावला.

"नऊ? बाई, तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला. "पहिल्या पानावर घेतो. चारपर्यंत मजकूर पाठवा. तुमच्या नऊवर लोक डोळे मिटून काठी घेतील."

साडेतीन वाजले होते. फोटोसाठी बाईंनी ख वरची पट्टी सोलली. आतून निघाली घरची जुनी, पोचे पडलेली काठी.

त्यांनी क सोलली. ती नवीकोरी चकाकत होती.

घाईत अक्षरं उलटी लागली होती. पट्टी असली तरी सहा वर्षं क म्हणजे घरची आणि ख म्हणजे नवी, हे सगळ्यांना पाठ होतं. बाईंनी वही पुन्हा उघडली. चौघांचे आकडे दोन्ही काठ्यांना सारखेच होते. सगळा फरक एकट्या भावजींच्या ओळीत होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

भावजी टोपलीत चेंडू भरत होते. बाई दोन्ही काठ्या घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. भावजींनी काठ्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कधीपासून हातचं राखून मारताय?"

"झालं वर्ष."

"वर्ष! भावजी, माझ्या शब्दावर लोक काठ्या घेतात हो. आज मी नऊ गुण छापायला निघाले होते!"

"सुधारला तो बाद, तुमचाच नियम ना वहिनी." भावजी टोपलीकडे बघत म्हणाले. "शनिवार गेला तर माझ्या आठवड्यात उरतं काय? मग मुद्दाम वाकडं मारायचो. आज म्हटलं, नव्या काठीने मारलं की श्रेय काठीला जाईल. एकदा तरी मनासारखं मारू."

बाईंना राग आला होता, खूप आला होता. पण त्यांच्या एका हातात ती जुनी काठी होती आणि तिनेच दहाच्या दहा चेंडू सरळ गेले होते. वर्षभर हा माणूस असा खेळू शकत होता आणि कोणाला सांगू शकत नव्हता. बाईंना एकदम हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले.

त्यांनी संपादकाला फोन केला. "नऊ खोडा. पाच लिहा. घरच्या जुन्या काठीहून काडीभरही सरस नाही." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. मग त्यांनी वहीतलं भावजींचं नाव सरळ रेघ मारून खोडलं.

"बाद," त्या म्हणाल्या.

भावजींनी मान हलवली आणि टोपली उचलली.

"टोपली ठेवा खाली. वही धरा. मोजायचं आता तुम्ही."

"आणि माझ्या जागी मारणार कोण?"

बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला. सहा वर्षांत त्यांनी एकही चेंडू मारला नव्हता. पहिला फटका नुसता हवेत गेला. दुसराही. तिसऱ्याला चेंडू कडेकडेने निघाला, बाजूच्या जाळीवर आपटला आणि परत येऊन त्यांच्याच टाचांमागे थांबला.

"वहिनी!" भावजी जागच्या जागी उडीच मारायचे बाकी राहिले. "अहो, अस्सल वाईट! असं वाईट मला वर्षभर जमलं नाही!"

"लिहा, लिहा. किती भरतं?"

भावजींनी फीत लावली. मग आणखी एकदा लावली.

"उणे अर्धा मीटर."

"नीट मोजलंत?"

"दोनदा," भावजी म्हणाले, आणि ठसठशीत अक्षरात आकडा लिहून त्यांनी पुढचा चेंडू बाईंसमोर ठेवला.