हाताची घडी मोठ्यांची

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी आमच्या बालवाडीच्या बाईंइतकी हट्टी बाई सापडणार नाही, हे मी कुठल्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत मी खांद्याला शबनम लावून गावोगाव स्वतः लिहिलेली पत्रकं वाटायचो. ‘तीन वर्षांच्या पोराच्या हातात पाटी कोंबणारी व्यवस्था मुर्दाबाद!’ बाईंनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, होडी करायला पोरांना देऊन टाकलं आणि मला म्हणाल्या, "वरडतोस कशाला? बस हितं. हाताची घडी, तोंडावर बोट." सांगवीच्या बुद्धविहारात भरणाऱ्या त्या बालवाडीत हा नियम मुलांना नव्हताच. तो मोठ्यांना होता.

मुलं आपली आपण बटणं लावत. वरचं बटण खालच्या काजात गेलं तरी बाई शांतपणे बघत राहत. मध्ये हात घालणाऱ्या आईला मात्र विहाराच्या ओट्यावरून खाली उतरवत. वाकड्या सदऱ्यावरून अख्खं गाव बाईंचं पोर ओळखायचं. मुलं शेंगा फोडत, झाडत, भांडत आणि भांडण आपणच मिटवत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी एका पोराचं नाक पुसायला रुमाल काढला. बाईंनी त्यांनाही घडी घालायला लावली. "साहेब, नाक त्याचं हाय."

पण बारामतीत इंग्रजी शाळा निघाली, टायवाली पोरं न्यायला दारोदार जीप थांबू लागली, आणि गाव चुळबुळू लागलं. पोरं गेली की बालवाडी बंद. एका सकाळी सगळे पालक विहारात जमले. पुढं बसले तात्या. फटकळ माणूस, आणि नात चिमी बाईंच्याच बालवाडीत.

"बाई, वर्सभरात एक अक्षर न्हाय शिकवलं. झाडूच मारायचा तर घरी काय कमी हाय व्हय?"

मी भाषणाला उठलोच होतो. बाईंनी नुसतं बघितलं. मी बसलो.

"तात्या, पाणी तरी प्या," त्या म्हणाल्या. चिमीनं घागरीतून तांब्या काठोकाठ भरला, दोन्ही हातांनी धरून आणला आणि थेट आज्याच्या धोतरावर ओतला. तात्यांचा हात उठला.

"तात्या! हाताची घडी."

चारचौघांत तात्यांनी घडी घातली. चिमी रडली नाही. तिनं फडकं आणलं, फरशी पुसली, मग धोतर पुसलं. परत तांब्या भरला. या खेपेला अर्धाच. तांब्या पोचला.

तात्या पाणी प्यायले. "घरी सांडलं आसतं तर कोपऱ्यात लपून बसली आसती," ते हळू बोलले. मग बाहेर बघून खेकसले, "त्या जीपवाल्याला सांगा रं, आमच्या दारात नगं थांबू."

बालवाडी टिकली. पुढं काही वर्षांनी बाई थकल्या आणि डाळजला लेकीकडं राहायला निघाल्या. बारामतीच्या स्टँडवर त्या आपली ट्रंक एस.टी.च्या पायरीवर चढवत होत्या. ट्रंक घसरली. मी धावलो. त्यांनी वळून नुसतं बघितलं.

मग मी फलाटावरच उभा राहिलो, हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून. दुसऱ्या खेपेला ट्रंक चढली. गाडी हलली तरी मी बोट काढलं नाही. बरंच झालं. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला तेव्हा एक शब्द सुचला नसता.