घरी जेवलेली माणसं

टाचणीमावशींच्या ओठांत सकाळी दुकान उघडल्यापासून संध्याकाळी बंद करेपर्यंत दोन-चार टाचण्या असायच्याच. एका कोपऱ्यात टाचण्या धरून दुसऱ्या कोपऱ्यातून त्या बोलायच्या, हसायच्या आणि भावही ठरवायच्या. समोरचा न्हावी म्हणायचा, या बाईनं टाचणी गिळली तर टाचणीचंच काही खरं नाही. हे मावशींच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढं काचेचं दार, मध्ये दोन मशीन, मागं पडदा आणि पडद्याआड आरसा आणि इस्त्रीचं टेबल. नवे कपडे शिवून घेणारं गिऱ्हाईक आता उरलं नव्हतं. कामं सगळी दुरुस्तीची. चेन बदला, अस्तर लावा, कंबर सैल करा. पण माणसाचं घर कसं चाललंय हे त्याच्या शेजाऱ्याला कळायच्या आधी मावशींना कळायचं.

त्या रस्त्यावर परमुलखातून आलेली दोन तऱ्हेची माणसं होती. मावशी डोंगरवाल्यांपैकी. दुसरे खाडीवाले. खालची दुकानं डोंगरवाल्यांची आणि त्या दुकानांवरच्या भाड्याच्या खोल्यांत खाडीवाले. डोंगरवाले म्हणत, खाडीवाल्याच्या हातात पैसा म्हणजे ओंजळीतलं पाणी. खाडीवाले म्हणत, डोंगरवाला मेला तरी त्याचा गल्ल्यावरचा हात उचकटावा लागतो. दोघांचं थोडं थोडं खरं होतं आणि ते नेमकं किती, हे मावशी शिवणीवरून सांगू शकल्या असत्या.

डोंगरवाल्यांकडून कपडा आला की तो बहुधा उसवायचा असे. पोरांच्या पँटी शिवतानाच आत बोटभर कापड जास्तीचं सोडलेलं. पोरगं वाढलं की पँट सोडायची, मग ती धाकट्याला, मग भाच्याला. त्यांच्यातले सगळ्यांत वडीलधारे म्हणून ज्यांना थोरले म्हणत, त्यांचा एक कोट तर तीन नवरदेवांच्या अंगावर उभा राहिला होता. खाडीवाल्यांचं उलट. पगार झाला की नवा तयार कपडा आणायचा आणि तो अंगाला नीट बसवून घ्यायचा. जादा कापड कापून टाकायचं. उद्या अंग सुटलं तर काय, असं मावशींनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "उद्याचं उद्या बघू."

पहिली काही वर्षं मावशींनी याला उधळेपणा म्हटलं. मग त्यांच्या ध्यानात वेगळंच काही यायला लागलं. ज्यांच्या सासऱ्यांची दोन दोन दुकानं, त्या डोंगरवाल्यांच्या सुना पडद्यामागं येऊन हळूच सांगायच्या की मावशी, आतून एक छोटा खिसा लावून द्या, वरून दिसता कामा नये. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या बाया, पण त्यातलं स्वतःचं म्हणावं असं त्या खिशातलं तेवढंच. खाडीवालीनं असला खिसा कधी मागितला नाही. तिच्या घरात दुसरी खोली नसेल, पण तिची पर्स खांद्याला लटकलेली असे आणि तिच्यात काय आहे हे ती कुणाला सांगत नसे, कारण कुणी विचारतच नसे.

हे असं का, याचं कारण ते इथं कसे आले त्यात होतं. डोंगरवाले आले ते एकाच्या मागोमाग दुसरा. भाऊ, मेव्हणा, मेव्हण्याचा चुलता. त्यांची रीत अशी की नव्यानं आलेल्या माणसानं कुणाच्या तरी दुकानात पगार न घेता राबायचं आणि त्याच्याच घरी जेवायचं. तीनेक वर्षांनी सगळ्यांनी वर्गणी काढून त्याला स्वतःचं दुकान उभं करून द्यायचं. कागद नाही, सही नाही. 'तो माझ्या घरी जेवलाय' एवढं म्हटलं की झालं. मावशींचे यजमान आजारी पडले तेव्हा हेच लोक पाळीपाळीनं दुकानात येऊन बसले होते. दुकान एक दिवस बंद राहिलं नाही. पण ज्यानं थोरल्यांशी वाकडं घेतलं, तो मात्र ना घरचा ना घाटाचा.

खाडीवाल्यांना एका कारखान्यानं गाड्या भरभरून आणलं होतं. तिथं जेवण मालकाचं, आणि आपण पाहुणे नाही हे त्यांना पहिल्या पगाराच्या दिवशी कळलं. जेवणाचे पैसे कापून हातात आलं त्यानं मूठही भरेना. पुढं कारखाना बंद पडला, सगळे एकाच दिवशी रिकामे झाले. कोण कुणाला उभं करणार? तेव्हापासून त्यांनी तीन गोष्टी पदराला बांधल्या. फुकट राबायचं नाही, मालकाच्या घरचं खायचं नाही आणि मुलींना मुलांइतकंच शिकवायचं.

मावशींना यातलं काहीही ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. त्यांनी वरच्या मजल्यावरची एक खाडीवाली मुलगी कामाला ठेवली. मुलगी इतकी उंच की वरच्या फळीवरचे तागे स्टूल न घेता काढायची. सगळे तिला शिडी म्हणत. तिचा हात पाहून मावशी पहिल्याच महिन्यात खूश झाल्या आणि पगाराच्या दिवशी त्यांनी तिला त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा मान दिला. म्हणाल्या, "उद्यापासून पगार नाही. दुपारी घरी जेवायला येत जा."

दुसऱ्या दिवशी शिडी आली नाही. तिची आई आली. दारात उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. म्हणाली, "माझी मुलगी उपाशी नाही. तिचा पगार द्या."

मावशींना वाटलं, कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारली. आपण जिला लेक करायला निघालो तिच्या आईनं आपल्याला लबाड ठरवलं. त्यांनी पगार दिला आणि बजावलं की उद्यापासून डबा घेऊन यायचं आणि वेळ झाली की निघायचं. शिडी तशी आली, तशी निघाली, आणि असं नऊ वर्षं चाललं. मधल्या काळात दोघींनी एकमेकींच्या रीती समजून घेतल्या, त्यावरून एकमेकींची टिंगलही केली. पण डबा तो डबाच राहिला, आणि शिडीची आई जिन्यात भेटली की मावशी भिंतीकडं बघत पुढं जायच्या.

मग मावशींना काळ्या कापडावर काळा दोरा दिसेनासा झाला. डॉक्टरांनी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं, दुसऱ्याबद्दल नुसती मान हलवली आणि बारीक काम बंद करायला सांगितलं. मावशींना मूल नव्हतं. वर्गणीतून उभं राहिलेलं दुकान रीतीप्रमाणे परत आपल्याच माणसाकडं जायला हवं होतं, आणि माणूसही ठरलेला होता. मावशींचा पुतण्या. तो तीन वर्षं त्यांच्या घरी जेवला होता आणि पोटभर जेवला होता, पण तीन वर्षांत त्याला बटण लावता आलं नव्हतं. त्याचा सगळा जीव मोबाईल उघडण्यात आणि परत जोडण्यात. दुकान त्याच्या हाती गेलं तर मशीनं विकली जाणार हे मावशींना माहीत होतं, आणि ती गोष्ट त्यांना डोळ्यांपेक्षा जास्त खुपत होती. दुकान शिडीचं व्हावं अशी त्यांची इच्छा होती. ती त्यांनी शिडीला एकदा बोलून दाखवली.

शिडी बटणांची काजं करत होती. वर न बघता म्हणाली की मला दुकान हवं आहे, दोन वर्षांपासून हवं आहे. पण आईनं दवाखान्यातल्या कारकुनाच्या जागेसाठी धोशा लावलाय, महिनाअखेर होकार कळवायचाय. पैशांचं मात्र तिनं आधीच बघून ठेवलं होतं. तिची ताई त्याच दवाखान्यात नर्स होती आणि ताईच्या पगारावर बँक कर्ज द्यायला तयार होती.

मावशींना हसू आवरेना. डोंगरवाल्यांची दुकानांची अख्खी ओळ, पण सगळा व्यवहार तोंडी, कागद म्हणून काही नाही. बँक त्यांना दारात उभं करत नव्हती. आणि भाड्याच्या एका खोलीला बँक घरी येऊन पैसे देत होती. त्या पैशांतून वर्गणी पुरती परत करता येणार होती आणि तीच वर्गणी पुतण्याला मोबाईलचं दुकान टाकून देणार होती. मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. म्हणाल्या, तुझ्या आईला मी बघते.

रविवारी दुपारी त्या जिना चढून वर गेल्या. खोली एकच, पण पुस्तकांची फळी घराच्या अंगाला बसेल अशी नीट. खुंटीवर नर्सचा इस्त्री केलेला गणवेश. शिडीची आई ताटं मांडत होती. तिनं बसा म्हटलं, पण हातातलं काम थांबवलं नाही.

मावशी बोलल्या, तिनं ऐकून घेतलं. मग आपलं म्हणणं मांडलं. एक तारखेला हातात पडतो तो पैसा खरा. थोरली लेक मागं महिनाभर तापानं पडून होती, तरी पगार आला. दुकानाला रजा कोण देणार? मावशींनी यजमानांच्या आजारपणाची हकिकत सांगितली. आपली माणसं कशी पाळीनं येऊन बसली, दार कसं एक दिवस बंद राहिलं नाही.

"ते तुमच्यासाठी," शिडीची आई म्हणाली. "तिच्यासाठी कोण येणार?"

नऊ वर्षांत कुणी त्यांना इतकं सरळ काही विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि ताटांकडं बघितलं.

"मला वाढा," त्या म्हणाल्या.

"शिडीनं सांगितलंय मला. तुमच्यात जेवलं की माणूस बांधला जातो."

"म्हणून तर मागतेय. पैसे कापून घेणार असाल तर मात्र आधी सांगा."

शिडीच्या आईच्या हातात पळी तशीच राहिली. मग ती हसली, पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली, आणि एक ताट जास्तीचं काढलं.

पुढच्या रविवारी मावशींनी दुकानात बैठक बोलावली. थोरले आले, म्हणजे कोपऱ्यावरचे खिळे-मोळ्यांचे दुकानदार. त्यांचा शब्द शेवटचा असे. आणखी दोघं मोठे आले. पुतण्या दाराशी उभा होता. शिडी नेहमीसारखी मशीनवर बसून एका पँटची चेन बदलत होती. जा म्हटलं असतं तर ती गेली असती, पण मावशींनी तिला जा म्हटलं नाही.

वर्गणी पुरती परत मिळणार हे ऐकून दोघं मोठे सैल झाले. पुतण्याला मोबाईलचं दुकान मिळणार म्हणताच त्याला इतका आनंद झाला की त्याला गप्प बसवावं लागलं. थोरले तेवढ्यानं बधणारे नव्हते. आज एक दुकान गेलं, उद्या ओळ जाईल, असं ते म्हणाले. पैसा येतो-जातो, दुकान आपल्याच माणसाकडं राहावं. आणि आपलं माणूस कोण, हे काय मी तुला सांगायचं?

"ही पोरगी नऊ वर्षं इथं आहे," ते म्हणाले. "तुझ्या घरी एक घास जेवलेली नाही."

"नाही जेवली. मी तिच्या घरी जेवून आलेय."

दाराशी पुतण्या खुदकन हसला.

"उलटं चालत नाही," थोरले म्हणाले.

"रीतीत कुणाच्या घरी ते कुठं सांगितलंय? जेवलं की माणूस बांधला. आता तिचं काही अडलं तर मला यावं लागणार. आणि मी आले की तुम्हाला यावं लागणार."

थोरल्यांना का यावं लागणार, हे दुकानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. गावाहून एका पिशवीनिशी आले तेव्हा ते मावशींच्या सासऱ्यांकडं तीन वर्षं जेवले होते. मावशींनी त्याचा उच्चार केला नाही. केला असता तर ते उठून गेले असते. शिडीचं मशीन तेवढं चालू होतं.

शेवटी थोरल्यांनी विचारलं, "जेवण कसं होतं?"

"मीठ कमी होतं."

"खाडीवाले," थोरले मान हलवत म्हणाले. मग डोंगरवाल्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी दुकानाची किल्ली मावशींकडून मागून घेतली, सगळ्यांना दाखवली आणि शिडीच्या मशीनवर ठेवली. हातात दिली नाही. पण ठेवली.

महिनाअखेरीस शिडीनं दवाखान्याला नकार कळवला. तिच्या आईनं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी डब्यात दोघींचं जेवण भरून दिलं. मावशी रोज सकाळी येऊन बसू लागल्या. मापं घेत, टाचण्या लावत. दोरा ओवायचं काम शिडीचं.

अशाच एका सकाळी थोरले पँट घेऊन आले. कंबर आवळत होती. शिडीनं पँट उलटी करून शिवण बघितली. आत कापड भरपूर होतं.

"होईल," ती म्हणाली. "सोमवारी या. पैसे आधी द्यावे लागतील."

डोंगरवाले आपसात पैसे देत-घेत नसत. थोरल्यांकडून खिळे यायचे, थोरल्यांची पँट शिवून जायची, फिटंफाट. ते पन्नास वर्षांत पहिल्यांदाच असं काही ऐकत असावेत. त्यांनी मावशींकडं बघितलं, की बाई, हिला काहीतरी सांग.

मावशी सांगणार तरी कशा? एका कोपऱ्यात टाचण्या धरून दुसऱ्यातून बोलण्याची त्यांची सवय साऱ्या रस्त्याला माहीत होती. पण त्या दिवशी त्यांनी दोन्ही कोपऱ्यांत टाचण्या धरल्या होत्या. थोरल्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग खिशात हात घातला.