टाचेनं ऐकणारे नागाप्पा

नागाप्पा कामावर आले की आधी चपला फाटकाबाहेर काढायचे, मागच्या अंगणात जायचे आणि उजवी टाच जमिनीवर आपटायचे. एकदाच. मग गप्प उभे. दोन पावलं सरकून पुन्हा एकदा. कान म्हणाल तर दोन्ही ठार गेलेले. उभा जन्म निलंग्याकडं विहिरी खोदण्यात गेला, सुरुंगांनी कान खाल्ले. आपण समोरून बोललो की ओठांकडं बघून बरोबर उत्तर देत. पाठ फिरली की मागं हलगी वाजवा, पत्ता नाही. "कान गेले ते बरं झालं, अक्का," म्हणायचे, "मान्सं लई बोलत्यात. जिमीन थोडं बोलती, पर टाचंला कळतं."

आता विहिरी कोण खोदतंय? सगळीकडं बोअर. म्हणून उतारवयात ते हे खोट्या गवताचं काम करू लागले. आमच्या महेशची लातुरात डाळमिल आहे. हैदराबादच्या व्यापाऱ्यांच्या संगतीनं त्याला गोल्फचा नाद लागला. घरामागं प्लॅस्टिकची हिरवळ टाकायची, तिच्यात वाटीएवढं भोक ठेवायचं आणि काठीनं चेंडू हळूच ढकलत त्यात घालायचा, एवढाच खेळ. मी म्हटलं, "पाणी मागत नाही, म्हैस तोंड लावत नाही, हे कसलं रे गवत?" नागाप्पांनी माझे ओठ वाचले. "लातुरात ह्येच टिकंल, अक्का. उनाला भेत न्हाई."

चार दिवस त्यांनी मुरूम पसरला, धुम्मसानं ठोकला, वर दगडाची बारीक कच टाकून पुन्हा ठोकली. लेव्हलच्या नळीतलं पाणी दोन्ही टोकांना सारखं. मग हिरवळ अंथरली आणि महेशनं चेंडू ढकलला. चेंडू सरळ निघाला, मध्येच वळला आणि भिंतीच्या अलीकडं एका जागी जाऊन थांबला. दुसरा तिथंच. समोरच्या कोपऱ्यातून टाकला, तरी तिथंच. पाचही चेंडू एकमेकांना बिलगून बसले, थंडीत लेकरं बसतात तसे.

नागाप्पांनी हिरवळ काढली, पुन्हा ठोकली, पुन्हा नळी लावली. पाणी सारखं. चेंडू तिथंच. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा महेशनं पहार आणली. "खाली पोकळ असेल. उकरून काँक्रीट भरून टाकू."

मी हातातलं धुणं टाकून पुढं झाले. ते का, हे सांगायला पाहिजे. आमचं घर आहे ती जागा आधी शेत होती. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी माझी पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. सासऱ्यांनी तिला धोतराच्या सोग्यात घेतलं आणि शेतात नेलं. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही आणि कुठं ठेवलं ते विचारायचं नाही, अशी रीत. सासूबाई म्हणाल्या, "नाव न ठिवलेल्याचं दुख धरू न्हाई." सासरे गेले, मालक गेले, शेतात घर उभं राहिलं. पण स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय ठेवताना, मागं धुणं वाळत घालताना दर वेळी मनात यायचं, इथं तर नसेल? महेशला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

नागाप्पांनी त्याच्या हातातली पहार धरली. मग त्या जागेवर टाच टेकवून उभे राहिले. आपटली नाही, नुसती टेकवली. भर दुपार, झाडाचं पान हलत नव्हतं, नि त्यांच्या हातांवरचे केस मात्र उभे. माझ्याकडं वळून म्हणाले, "अक्का, हितं कुनाला ठिवलंय का?"

महेश हसला. "काहीतरीच काय अप्पा, आमचं शेत होतं हे."

"हो," मी म्हटलं. "तुझी मोठी बहीण. नऊ दिवसांची."

त्याचं हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, विसरल्यासारखं. पहार सोडून तो पायरीवर जाऊन बसला.

"नाव काय व्हतं?" नागाप्पांनी विचारलं.

"ठेवलंच नव्हतं. बारशाला तीन दिवस राहिले होते."

"तरीच." त्यांनी मान हलवली. "बिननावाच्या लेकराला समदी हाक आपलीच वाटती, अक्का. चेंडू गडगडला तरी उटून बसतंय, आपल्यालाच बोलवायलेत म्हनून. बारसं करून टाका."

आणि ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, टाच तिथंच टेकवून. माझे ओठ त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. मी गुडघे धरत कशीबशी बसले आणि जमिनीला तोंड लावून नाव सांगितलं. ती पोटात होती तेव्हापासून मनात धरलेलं, मालकांनासुद्धा कधी न सांगितलेलं. इतक्या हळू, की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. पायरीवरच्या महेशला तर काहीच नाही.

"ग्वाड हाय," नागाप्पा म्हणाले. वळले नाहीत.

मग त्यांनी काही ठोकलं नाही, मूठभर मुरूमही टाकला नाही. खिशातून एक चेंडू काढला आणि हातानंच सोडला. तो त्या जागेवरून सरळ पुढं गेला आणि भोकात पडला. नागाप्पांनी सुरीनं ताटाएवढी हिरवळ तिथली गोल कापून काढली. "येवढं उगडं ऱ्हाऊ द्या. पलास्टिकखाली जीव घाबरा व्हतो."

जाताना फाटकाशी मला म्हणाले, "आता जागा कळली म्हनून रोज हाक मारत बसू नका, अक्का. लेकरू झोपू द्या."

मी ऐकलं त्यांचं. रोज तिथं जाते, पण तोंडातून शब्द काढत नाही.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांच्या सुनेचा फोन आला. मामा गेले, त्यांच्याच शेतात विहिरीजवळ मातीतच समाधी दिली. फोन ठेवला आणि मागं गेले. त्या दिवशी मात्र मी तिला नावानं उठवलं. म्हटलं, "बाई गं, एक म्हातारे येतायत तिकडं. त्यांना कानानं ऐकू येत नाही, पण भिऊ नको. तू नुसती कूस बदललीस तरी त्यांना कळतं."