फोटोवाल्याचं असली रिव्हॉल्वर

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग कान तापतात. इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. आता पेन्शनीत माझं कोण काय वाकडं करणार?

परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी नवाच फौजदार होतो. नामांतराचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद. पायातले बूट निघत नसत. अशात एका सकाळी खबऱ्या आला. बसस्टँडसमोरचा फोटोवाला रिव्हॉल्वर विकायला निघाला होता. "जुनं हाय पन असली हाय म्हनायला होता, साहेब. मानवतच्या गिऱ्हाइकाचा मानूस बाजारच्या दिवशी बघायला यायलाय."

माझ्या अंगात वारं शिरलं. तो यायच्या आधी आपलाच माणूस गिऱ्हाइकाचा म्हणून पाठवायचा, असं मी ठरवलं. जमादारानं बैलांचा एक म्हातारा दलाल आणला. जुन्या मालाची पारख त्याच्याइतकी तालुक्यात कुणाला नव्हती. मी त्याला बजावलं, "सौदा ठरला की उपरणं झटका. आम्ही झडप घालतो."

बाजारच्या दिवशी स्टुडिओसमोरच्या न्हाव्याकडं मी साध्या कपड्यांत तोंडाला साबण लावून बसलो. आरशात स्टुडिओचं दार दिसत होतं. पंचनाम्यासाठी आणलेले दोन पंच बाकावर नंबर लावून बसले होते.

दलालानं दारातल्या उजेडात रिव्हॉल्वर हातात घेतलं आणि बैल बघावा तसं बघायला लागला. उलटं केलं, पालटं केलं. अंगठ्यानं घोडा मागं ओढला, सोडला, कानाशी धरून आवाज ऐकला. चक्र फिरवून सहाही घरं मोजली. हलवून सांधे ढिले आहेत का पाहिलं. मग एक डोळा मिटून नळीत बघितलं आणि काडेपेटीतली काडी आत घातली. गंज उकरत असेल, असं मला वाटलं. शेवटी दोघांनी उपरण्याखाली हात घातले. बैलबाजारात तसंच चालतं. भाव तोंडानं बोलत नाहीत, बोटं दाबून ठरवतात. बराच वेळ बोटांची ओढाताण चालली आणि उपरणं झटकलं गेलं.

मी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावलो. "काय रे, असली आहे का हे?"

तोवर दाराशी गर्दी जमली होती. फोटोवाल्यानं गर्दीकडं बघितलं. "असली हाय साहेब."

कबुली! ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून मी त्याच उपरण्यात रिव्हॉल्वर गुंडाळलं, पुडकं शिवलं, लाखेची मोहर मारली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि जिल्ह्याला फोन लावला. मोठे साहेब खूष झाले. "संध्याकाळी स्वतः येतो," म्हणाले.

चौकशीत मात्र गाडं अडलं. कुठून आणलं? "मुंबईहून, मेव्हण्याकडून." गोळ्या कुठं आहेत? "न्हाईत." मग हे असली कसं? तो दारातल्या जमादाराकडं बघायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा, "असली हाय साहेब." त्याची बायको डबा घेऊन आली, रडायला लागली. "सांगा की हो खरं!" तो तिच्यावरच खेकसला. मी कलम वाचून दाखवलं, शिक्षा सांगितली. त्यानं हात जोडले. "तुरुंगात जातो साहेब. पन माजं दुकान बुडवू नका."

एवढ्यात दलाल आला. "साहेब, माजं उपरनं तुमच्या गठुड्यात गेलं. लेकीच्या सासरचा आहेर हाय तो."

"मुद्देमाल आहे तो. कोर्टानंतर मिळेल."

"आता काय म्हनावं! साठ रुपयाच्या मालापायी..."

"किती?"

"साठ. लय झाले. नळी बुजलेली हाय, काडी नखभर जाऊन अडकायलीय. शोभेची वस्तू हाय ती."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"त्याला सांगितलं की, बोटांनी. मालाची खोड चारचौघांत बोलायची न्हाई, म्हनून तर उपरनं असतंय. आन तुमी मला इचारलंच कुठं?"

पंचांसमोर पुडकं फोडलं. मी स्वतः काडी घातली. नखभरच गेली. फोटोवाला ढसाढसा रडायला लागला. "बारा वर्षं झाली साहेब, असली म्हनून लोकांच्या हातात देतो अन् फोटो काढतो. घरोघरी भिंतीवर हायेत. जमादारसायबांचा बी हाय." जमादार छताकडं बघायला लागला. "रंगीत फोटोचा दुसरा स्टुडिओ निघाला, धंदा बसला, म्हनून मानवतच्या फोटोवाल्याला गुपचूप इकायलो होतो. खोटं हाय हे गावाला कळलं तर मी तोंड कुठं दाखवू?"

मोठ्या साहेबांना फोन केला. त्यांनी माझी जी बिनपाण्यानं केली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. स्टेशन डायरीत 'चौकशीअंती कारवाईची गरज नाही' एवढंच लिहिलं आणि रिव्हॉल्वर परत देऊन फोटोवाल्याला सोडलं. दलालानं उपरणं खांद्यावर टाकलं आणि पंचांना दम दिला, "उपरन्याखालची गोष्ट उपरन्याखालीच ऱ्हाऊ द्या."

गावानं आपला अर्थ काढला: पोलिसांनी धरलं म्हणजे असलीच! पुढच्या बाजारी ते हातात धरून फोटो काढायला स्टुडिओसमोर रांग लागली. विकायचा विचार त्यानं सोडून दिला.

त्यानंतर नुसत्या कबुलीवर मी कधी विसंबलो नाही. माणूस अब्रूसाठी न केलेला गुन्हाही कबूल करतो. आणि ज्यानं माल हाताळला, त्याला आधी विचारायला शिकलो.

बदली झाली तेव्हा निरोपाचा फोटो त्याच्याकडंच काढला. त्यानं ते रिव्हॉल्वर माझ्या हातात दिलं आणि पैसे काही घेतले नाहीत. तो फोटो आमच्या बैठकीत आहे. परवा व्याही आले, चष्मा सारखा करून बघायला लागले. "असली आहे का हो हे?"

"असली म्हणजे?" मी म्हणालो. "मी स्वतः जप्त केलं होतं."