टाचणीची सात पानं

टाचणी हे तिचं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. तोंडात चार टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी बोलायची तिला सवय, आणि त्या काढून ठेवल्या तरी बोलणं काही मऊ होत नाही, म्हणून हे नाव पडलं. बाजाराच्या इमारतीत जिन्याखाली तिचं दुकान आहे. दोन मशिनं, एक आरसा, मापं बघायला एक पडदा आणि खिळ्यांना लटकलेले दुसऱ्यांनी बिघडवलेले कपडे. नवं काही ती शिवत नाही. आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं, उसवलेलं पुन्हा जागेवर आणणं, एवढंच काम. दुसऱ्या मशिनवर तिचा नवरा काज-बटण करतो. दिवसाकाठी तो मोजून वीस वाक्यं बोलतो आणि त्यातली पंधरा चहाबद्दल असतात.

त्याआधी अठरा वर्षं ती तयार कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथं ती शिकली की शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं सोडायचं. शिवणकाम करणारे त्याला माया म्हणतात. माणूस पुढेमागे जाडावला तर तेवढं उसवून कपडा सैल करता येतो, नाहीतर फेकून द्यावा लागतो. मग एक नवा सुपरवायझर आला. माया निम्मी केली की तेवढ्याच कापडात शर्ट जास्त निघतात, असं त्यानं फळ्यावर मांडून दाखवलं. सगळ्या बायका माना डोलावत होत्या. हिनं उभं राहून विचारलं, की येत्या वर्षात साहेबांचं पोट किती वाढायचंय तेवढं आधी सांगा, मग ठरवू. त्या महिन्यात तिची नोकरी गेली. ती म्हणते मी सोडली, नवरा म्हणतो हिला काढली, आणि दोघांचंही खरं आहे.

पत्त्यांचा खेळ तिच्या आयुष्यात आला तो मनगट मोडल्यामुळे. दोन वर्षांपूर्वी ती जिन्यावरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, अंगठा हलता ठेवा. लेक दुसऱ्या शहरात इस्पितळात नर्स आहे. ती सुट्टीवर आली होती, तिनं आईच्या फोनवर हा खेळ टाकून दिला आणि म्हणाली की अंगठ्याला व्यायाम होईल. मनगट तीन महिन्यांत बरं झालं, अंगठा मात्र थांबायचं नाव घेईना.

खेळ असा. दोन खेळाडू, दोघांचा एकेक दरवाजा. समोरच्याचा दरवाजा आधी फोडेल तो जिंकला. प्रत्येकानं आपली तीस पानं आधीच निवडून आणायची, त्याला डेक म्हणतात, आणि निम्मी लढाई तिथंच होते. बहुतेक लोक धावून जाणारी पानं घेतात, धडाधड हल्ला करतात आणि चार मिनिटांत मोकळे होतात. टाचणीला हे पहिल्याच आठवड्यात कंटाळवाणं वाटलं. तिनं असं पान उचललं की ज्याला कोणी हात लावत नव्हतं. त्या पानाचं नाव रखवालदारीण. ही दरवाज्यासमोर उभी राहते आणि सगळे घाव स्वतः खाते. घावानं पडली तर पुन्हा उठतेही, पण एका अटीवर. तेव्हा तिच्या मालकाच्या हातात निदान पाच पानं शिल्लक हवीत. म्हणजे पानं हातात धरून बसायचं, खर्च करायची नाहीत, आणि हेच लोकांना जमत नव्हतं.

टाचणीला ते न शिकवता जमलं. अट पाचाची होती, ती सात ठेवायची. त्याहून जास्त पानं खेळ हातात धरूच देत नाही, नाहीतर तिनं नऊ ठेवली असती. पाचावर तिला चैनच पडायचं नाही. त्या दोन जादा पानांपायी तिनं कित्येक चांगल्या संधी सोडल्या, आणि कित्येक हरलेले डाव जिंकले. असं करत करत ती वर्षाच्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या आठांत पोचली. जो जिंकेल त्याचा चेहरा आणि नाव घालून कंपनी एक नवं पान काढणार होती. टाचणी सगळ्यांना सांगायची, मला मेलीला काय करायचंय त्या चेहऱ्याचं. पण नवऱ्यानं तिला आरशासमोर हातात कात्री घेऊन मान कधी अशी, कधी तशी करून बघताना दोनदा पकडलं होतं. तिला ते पान हवं होतं. फार हवं होतं.

आणि नेमकं तेव्हाच बोंबाबोंब सुरू झाली. तिचा डेक लोकांनी उतरवून घेतला होता, नवखे खेळाडूही त्यावर जिंकायला लागले होते, आणि हरणारे चिडले होते. चिडलेल्यांचे पुढारी होते गुरुजी. पूर्वी ते गणिताची शिकवणी घ्यायचे. आता या खेळावर आठवड्याला एक व्हिडिओ करतात आणि लाखभर लोक तो बघतात. स्वतःही उत्तम खेळतात, हे टाचणीही मान्य करते, फक्त तोंड वाकडं करून. गुरुजींचं म्हणणं असं, की रखवालदारणीनं खेळाचा समतोल बिघडवलाय. हा डेक खेळायला डोकं लागत नाही, तिला उभी करा आणि खुशाल झोपा. तेव्हा पडल्यावर उठायची तिची ताकदच काढून टाका.

कंपनीनं जाहीर केलं की रविवारी दुपारी यावर सगळ्यांसमोर चर्चा होईल. पान कापायचं, म्हणजे त्याची ताकद काढून घ्यायचं, ठरलं तरी ते स्पर्धेनंतर कापलं जाईल. शेवटचे सामने पुढच्या शनिवारी होते, म्हणजे टाचणीच्या केसालाही धक्का लागत नव्हता. लेकीनं फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं, की आई, सहा दिवस तोंड बंद ठेव, जिंक, मग हवं तेवढं भांड. नवऱ्यानंही आपल्या वीस वाक्यांतलं एक यावर खर्च केलं. टाचणीनं दोघांना हो म्हटलं आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

रविवारी दुपारी तिनं फोन रिळांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि एका जाड जॅकेटची चेन उसवायला घेतली. फोनच्या पडद्यावर कंपनीच्या समतोल विभागाच्या बाई होत्या, गुरुजी होते आणि आठ अंतिम खेळाडूंच्या चौकटी होत्या. गुरुजींनी आलेख दाखवले. टाचणीनं चेन उसवली. गुरुजींनी आणखी आलेख दाखवले. तिनं नवी चेन टाचायला घेतली, तोंडात टाचण्या धरल्या. तिच्यात एवढा सोशिकपणा कुठून आला याचं नवऱ्याला नवल वाटत होतं. तेवढ्यात गुरुजी गोड हसून म्हणाले, "शेवटच्या आठांतल्या मावशींचं मला कौतुकच आहे. पण खरं सांगायचं तर तिथं त्या पोचलेल्या नाहीत. त्यांचं पान पोचलंय."

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि नवऱ्याच्या हातावर ठेवल्या. त्यानंही मुकाट्यानं हात पुढे केला, कारण आता अडवण्यात अर्थ नव्हता. तिनं बोलायची परवानगी मागितली.

"गुरुजी, डोकं लागत नाही म्हणता ना? मग माझा डेक तुम्ही घ्या आणि तुमचा मला द्या. इथंच होऊन जाऊ दे."

गुरुजींना नाही म्हणायची सोय नव्हती. एकमेकांचे डेक फोनवर यायला पाच मिनिटं लागणार होती, त्यात लेकीचा फोन आला. ती कामावरून बघत होती.

"आई, तू हरलीस तर तुझं हसं होईल. आणि जिंकलीस तर तुझा डेक कसा मोडायचा ते अख्ख्या जगाला कळेल."

"ठाऊक आहे."

"मग शनिवारचं काय?"

"तो म्हणतो मी तिथं पोचलेच नाही," टाचणी म्हणाली. "जी पोचलीच नाही तिला शनिवारचं काय पडलंय?" आणि तिनं फोन ठेवला.

डाव सुरू झाला. गुरुजींनी पहिली संधी मिळताच रखवालदारीण उभी केली. मग त्यांनी तेच केलं जे हुशार माणूस करील. अट पाचाची होती, म्हणून हातात बरोबर पाच पानं ठेवली आणि सहावं येईल ते लगेच वापरून टाकलं. फुकट कशाला अडकवायचं? टाचणीच्या हातात आता त्यांचा धावता डेक होता, आणि त्यात उचल्या नावाची दोन पानं होती. उचल्या समोरच्याच्या हातातलं एक पान पळवतो. गुरुजी स्वतः ते पान सुरुवातीलाच टाकून मोकळे व्हायचे. टाचणीनं दोन्ही उचले दाबून ठेवले. हल्ला केला, रखवालदारीण पडली, उठली. पुन्हा केला, पुन्हा उठली. गुरुजी म्हणाले, बघताय ना मंडळी, मी काही करतोय का? मंडळी हसली. मग टाचणीनं एक उचल्या सोडला. पाचाची चार झाली. तिनं घाव घातला, रखवालदारीण पडली ती पडलीच, आणि दोन फेऱ्यांत दरवाजा फुटला.

नशिबाचा भाग म्हणून गुरुजींनी दुसरा डाव मागितला. या वेळी त्यांनी शहाणपणानं सहा पानं ठेवली. टाचणीनं दोन्ही उचले लागोपाठ सोडले आणि सहाची चार केली. दरवाजा पुन्हा फुटला.

"माझ्याकडे सहा होती," गुरुजी म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"सात लागतात. पाच लिहिलंय म्हणून पाचच ठेवायची नसतात. अंगाबरोबर शिवलेला कपडा पहिल्या जेवणाला फाटतो."

इथं थांबली असती तरी जिंकलीच होती. पण कंपनीच्या बाईंनी नेमका प्रश्न विचारला. सात पानं धरून बसलं तर दोन उचल्यांनी पाच उरतात, रखवालदारीण उठतेच, मग तुमच्यासारख्या खेळाडूपुढे हे पान अजिंक्यच आहे, नाही का? आता टाचणीनं एक तर गप्प बसायचं आणि पान कापलं जाऊ द्यायचं, शनिवारी आरामात खेळायचं. नाहीतर सांगून टाकायचं. गप्प बसणं फार सोपं होतं. आरशातली ती आणि तिची कात्री तिला दिसत होती.

"एका डेकमध्ये उचले तीन ठेवता येतात," ती म्हणाली. "कोणी ठेवत नाही, कारण घाई असते सगळ्यांना. तीन ठेवा, तिन्ही दाबून धरा आणि एकदम सोडा. सातसुद्धा मोडतात. मीसुद्धा मोडते. हवं तर करून बघा. पण ज्याला उत्तर आहे ते पान कापायचं नाही."

नवऱ्यानं टाचण्या परत तिच्या हातात दिल्या. चेन राहिली होती.

बुधवारी कंपनीनं कळवलं की रखवालदारीण आहे तशीच राहील. गुरुजींनी नव्या व्हिडिओत बारा मिनिटं इतर गोष्टींवर घालवली आणि शेवटी म्हणाले की पहिल्याच डावात सहा ठेवली असती तर चित्र वेगळं असतं. टाचणीनं ते गिऱ्हाइकांना दोनदा लावून दाखवलं. लेक म्हणाली, आता निदान डेक तरी बदल. नवराही म्हणाला. तिनं नाही म्हटलं. ज्या पानासाठी एवढी भांडले, ते घरी ठेवून दुसऱ्या पानाच्या जिवावर जायला मला लाज वाटेल, असं म्हणाली आणि तीच तीस पानं नोंदवून टाकली.

शनिवारी एका सभागृहात चार टेबलं मांडली होती. तिच्यासमोर एका बँकेत काम करणारी तरुणी आली. नमस्कार करून म्हणाली, तुमचंच बघून शिकले हो. टाचणीनं ओळखलं की तिन्ही उचले हिच्याकडे आहेत. पण ओळखून उपयोग नव्हता, कारण सातावर आठवं पान धरता येत नव्हतं. तिनं जमेल तेवढं लांबवलं. रखवालदारीण नऊ वेळा उठली. दहाव्यांदा त्या पोरीनं तिन्ही उचले एकामागून एक ठेवले, तेही शांतपणे, घाई न करता, आणि टाचणीला राग आला तो एवढ्याचाच, की पोरगी चांगली खेळत होती. पहिल्याच फेरीत ती बाहेर पडली. वाईट वाटलं. तिनं ते लपवलं नाही, पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि पोरीच्या पाठीवर थाप मारली.

सभागृहात माइक घेऊन फिरत होते ते गुरुजीच. ते तिच्याजवळ आले. या वेळी त्यांनी मावशी म्हटलं नाही.

"ताई, त्या रविवारी तुम्ही बोलला नसता, तर आज जिंकला असता?"

"हो, जिंकले असते."

"मग पश्चात्ताप होतोय?"

"आज जिंकले असते तर तुम्ही याच माइकवर म्हणाला असता की पान जिंकलं," टाचणी म्हणाली. "आता हरले, तर सगळे म्हणतायत टाचणी हरली. पान हरलं असं कोणी म्हणत नाहीये. तुम्हीसुद्धा नाही."