मनोहरच्या नावाचं विमान

दुकानात मी साखर जोखत होतो तेव्हा फोन आला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून मनोहरची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बोलत होत्या. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी काय बोललो ते आठवत नाही. साखरेची पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात दिली, पैसे घ्यायचे राहूनच गेले, आणि समोरच्या घराकडे बघत बसलो. सिहोऱ्यात माझं दुकान आणि मनोहरचं घर यांच्यामध्ये फक्त रस्ता आहे. त्या घराच्या खिडकीत एक विमान दिसतं, आणि त्याला एकच पंख आहे. खरं सांगतो, त्या घडीला मला रडू आलं नाही, रागच आला. म्हटलं, लेका, एवढाही दम धरवला नाही तुला? दुसरा पंख यायचा होता रे अजून...

मनोहर आमचा पोस्टमन. सिहोऱ्यापासून पार बपेऱ्याच्या बाजूपर्यंतची टपालं त्यानं सायकलवर वाटली. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधून, भाताच्या रोवणीच्या दिवसांत चिखलातून सायकल ढकलत. त्याची एक खोड होती. दारात नुसतं 'टपाल' म्हणून ओरडायचा नाही, माणसाचं पूर्ण नाव घ्यायचा, बापाच्या नावासकट. आपल्या नावाची हाक ऐकून माणूस बाहेर येतो तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, असं त्याचं म्हणणं. निवृत्त झाला त्या संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "साऱ्या गावाचं नाव घेतलं गा म्या. माह्या नावानं लाइटबिल सोडून काहीच नाही आलं." मी खो खो हसलो. तो मात्र हसला नाही.

काही महिन्यांनी त्यानं पेपरातली एक जाहिरात आणून दाखवली. दर महिन्याला घरपोच एक अंक, अंकासोबत विमानाचे थोडे सुटे भाग, सगळे जोडले की जुन्या काळचं लढाऊ विमान तयार. पहिला अंक चहा-भज्यांच्या पैशात. गडी भुलला ना! पहिल्या खोक्यात विमानाच्या नाकावरचा पंखा आला आणि सोबत स्क्रू पिळायला बोटाएवढा पेचकस. दुसऱ्या महिन्यापासून खरी किंमत सुरू झाली. मी धंदेवाला माणूस, हप्त्यावर भांडी विकलेला, हा डाव मला कळणार नाही होय? चांगला खडसावला त्याला. "अबे, स्वस्तात चटक लावली तुले. सारे हप्ते जोडून पाह्य, जुनी मोटारसायकल आली असती!"

तो शांतपणे म्हणाला, "मोटारसायकल एक डाव आली का आली. हे दर महिन्याले येते."

खोकं येण्याच्या दिवसाचा थाट तर काय सांगू! आमच्याकडे आता सुनीता टपाल वाटते, मनोहरच्याच हाताखाली शिकलेली. तिची गाडी वळणावर दिसली की हा खुर्ची सोडून उठायचा आणि मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसायचा. तिनं फाटकाशी उभं राहून पूर्ण नावानं हाक मारायची, तेव्हा आतून "ओ, आलो!" म्हणायचं, आणि मग सावकाश, जणू काही माहीतच नाही अशा चेहऱ्यानं बाहेर यायचं. मी दुकानातून ओरडायचो, "नाटक्या!" तो खोकं उंच करून मला दाखवायचा. एका खोक्यातलं काम अर्ध्या तासाचं, पण तो ते महिनाभर पुरवायचा. आज एक स्क्रू, उद्या एक. मधल्या दिवसांत नुसतं पुसायचं आणि बघत बसायचं.

मग खोकला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी फुफ्फुसं तपासली आणि फारशी आशा दाखवली नाही. डावा पंख नुकताच पुरा झाला होता, उजव्याचं अजून काहीच आलं नव्हतं. त्यानं ते विमान पुरं झालेलं पाहावं, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात घुसली. मी परस्पर कंपनीला फोन लावला. उरलेली रक्कम एकदम भरली तर सगळे भाग एकदम पाठवतो, म्हणाले. गावभर माझी ख्याती चिक्कू म्हणून, पण मी पैसे काढून तयार ठेवले आणि रुबाबात त्याला सांगायला गेलो.

तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. बोलताना धाप लागत होती. माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "पैसे ठेव गा तुये. सारं एकदम आलं... तं पुढच्या महिन्यात मी कायची वाट पाहू?"

पैसे खिशात तसेच घेऊन परतलो. त्यानंतर आणखी दोन खोकी आली, तेव्हा तो आतल्या खोलीतच होता, उठून जायची गरजच उरली नव्हती. "ओ" मात्र म्हणायचा. रस्त्यापलीकडे मला ते ऐकू यायचं नाही, पण सुनीता मान हलवायची, त्यावरून मी समजायचो.

तेरवीचे पाहुणे पांगल्यावर मी वहिनींना विचारलं, कंपनीले फोन करून बंद करू का म्हणून. त्या विमान पुसत होत्या. "काहून? हप्ते मी भरीन. नाव मात्र त्यायचंच राहू द्या."

"अन् जोडंल कोण?"

"तुम्ही. चष्मा आहे ना तुमच्यापाशी?"

गेल्या आठवड्यात खोकं आलं. सुनीता फाटकाशी आली आणि तशीच उभी राहिली. एकदा खोक्यावरच्या नावाकडे बघायची, एकदा माझ्याकडे. मी तरी दुकानातून काय सांगणार कपाळ! तेवढ्यात आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज आला, "काहून थांबली वो? हाक मार ना."

सुनीतानं डोळे पुसले आणि नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. "मनोहर सखाराम भोयर..."

"ओ, आली!" वहिनी म्हणाल्या, आणि सावकाश, त्याच्याइतकाच वेळ घेत बाहेर आल्या. खोकं उंच करून त्यांनी मला दाखवलं. मी गल्ल्यावरचा चष्मा उचलला आणि रस्ता ओलांडला.